माळा मोकळा

वळ, ता. भिवंडी
९ जून २००६

बाय भाविका,

आधी मामाचा आशीर्वाद घे, मग काय रागवायचं ते रागव. बोरिवलीच्या घरी पाठवलं तर तुझ्या हाती पडेलच असं नाही, म्हणून हे पाकीट चॅनलच्या ऑफिसात पाठवतोय. वर लाल शाईने 'हाकेसरशी मालिका' असं लिहिलंय. पोस्टातला माणूस म्हणाला, "दादूस, म्हातारपणी सिरियलीत काम मागताय का?" मी म्हटलं, मागत नाही, शिकवतोय.

दर गुरुवारी साडेआठला आम्ही तुमची ही बंबवाल्यांची मालिका बघतो. शेवटी नावं पळतात ना, ती वाचायला मला तीन गुरुवार लागले. पहिल्या गुरुवारी 'भाविका' हाती लागलं, दुसऱ्या गुरुवारी 'महादू', आणि तिसऱ्या गुरुवारी टीव्हीला नाक लावून बसलो तेव्हा 'तरे' सापडलं. नावाआधी 'कंटिन्युइटी' असं होतं. ते काय असतं म्हणून धनेशला विचारलं. धनेश म्हणजे आपल्या शेजारच्या कमळकाकूचा मोठा, आता वडप्याला गोदाम चालवतो. तो म्हणाला, "आधी कप डाव्या हातात होता तर पुढे उजव्या हातात जाऊ नये, हे बघणारी बाई." म्हणजे चुका पकडायची नोकरी. मी तुझ्या मामीला म्हटलं, पार्वती, बघ, भाची मामाच्या वळणावर गेली. ती म्हणाली, "गेली तर गेली. तुमाला कोनी बोलावलंय का?"

बोलावलं नाही. पण मी सव्वीस वर्षं बंबावर काढली. चौथी नापास माणूस मी, वाचायला शिकलो ते अग्निशमन केंद्रातल्या फळ्यावर ड्युटीची नावं लिहायचे त्यावरून. त्यामुळे आगीचं मला जे कळतं ते पुस्तकातलं नाही, आणि तुमच्या मालिकेतल्या त्या कदम साहेबाला जे कळत नाही ते मला इथे खाटेवर बसून दिसतं. त्याच्या हेल्मेटचा पट्टा लोंबत असतो. पहिल्या जिन्यालाच हेल्मेट घरंगळून खाली यायचं. मागच्या गुरुवारी आत जाताना काजळी डाव्या गालावर होती, बाहेर आला तेव्हा उजव्या. काजळी काय गालावरून हिंडायला जाते? आणि बंद दाराची कडी तो तळहाताने धरतो. आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघायची, पोरी. दार तापलेलं असेल तर तळहाताची साल निघते, मग पुढे दोर कशाने धरणार?

राग मानू नकोस. मालिका चांगली आहे. चांगल्या भाताला खडा लागला तरच जीव हळहळतो.

तुझी आई मैना कशी आहे? कारखान्याच्या आगीत तुझा बाप गेला त्याला दहा वर्षं झाली. महादू माझा मेहुणा कमी आणि भाऊ जास्त होता. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी बोरिवलीला तुमच्या नव्या घराच्या दारात आलो होतो, तुला आठवत असेल, तू चौदाची होतीस. आत दिवा चालू होता. तळणीचा वास येत होता. चार हाका मारल्या, दार उघडलं नाही. सख्ख्या बहिणीने भावाला दारातून परत पाठवावं असं मी काय केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. पट्ट्याचं तेवढं बघ.

बंबावर बसून घंटा वाजवू द्यायचा तोच,
तुळशीराममामा


वळ
३० जून २००६

बाय भाविका,

तुझं पत्र आलं नाही. पण काल गुरुवारी कदम साहेबाने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळला. वर एकदा बोट घालून ताणून बघितला. ते बोट घालून बघणं तर मी लिहिलंही नव्हतं. तुझ्या लहानपणी बंबावर चढवताना माझं हेल्मेट तुझ्या डोक्यावर घालायचो तेव्हा मी तसं बोट घालायचो. हे लेखकाला कुठून कळणार?

तेव्हा पत्र पोचलं म्हणायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आमच्याकडे वीज साडेसातला जाते ती दहापर्यंत येत नाही. म्हणून आता गुरुवारी मी आणि तुझी मामी धनेशकडे जातो, त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्याची आई, बायको आणि आणखी चार माणसं असतात. मी मध्येच बोलतो म्हणून मला सगळ्यांत मागे बसवतात. काल आग विझवताना पाईप जमिनीवर चपटा पडला होता आणि पुढून पाण्याची धार उडत होती. मी म्हटलं, "हे पाणी आलं कुठून? आकाशातून?" कमळकाकू म्हणाली, "तुळशीराम, पानी आलं ना? मग पी आन् गप बस." सगळे हसले. पण पाईपात पाणी भरलं की तो अजगरासारखा फुगतो, ताठ होतो, दोन माणसांना आवरत नाही. तुमच्या कदमने एका हाताने धरला होता, दुसऱ्या हाताने केस मागे सारत होता. त्या पाईपाने त्याला नाचवला असता. पाणी पुढून सोडायचं असेल तर ते पाईपातूनच येऊ द्या, एवढंच म्हणणं.

मैनेला माझं पत्र दाखवलंस का? नसेल दाखवलं तरी चालेल. दाखवलं असेल तर काय म्हणाली ते कळव.

मागच्या बाकावरचा,
मामा


वळ
२८ जुलै २००६

बाय भाविका,

तुझं पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा माझे हात पिठाचे होते, तुझ्या मामीने उघडलं. पाच ओळी. मी पाच वेळा वाचल्या. पाईपात पाणी भरून शूटिंग केलं आणि कदमचं काम करणारा नट दोनदा आपटला, हे वाचून मी आणि पार्वती पुष्कळ हसलो. त्याला म्हणावं, सगळे आपटतात. मी पहिल्या महिन्यात केंद्राच्या अंगणात साहेबासमोर आपटलो होतो.

शेवटी लिहिलंस, "आईला अजून सांगितलेलं नाही." बरं. घाई नाही.

आता धुराचं विचारलंस म्हणून सांगतो. धुरात उभं राहून चालत नाहीत. धूर वर जातो, चांगली हवा जमिनीला चिकटून असते, वीतभर. तिथे नाक न्यायचं. रांगायचं, एक हात भिंतीवर. कदम छाती पुढे काढून चालतो. तो तसा चालला तर पुढच्या गुरुवारी मालिकेत त्याचा फोटो, वर हार.

हे लिहिताना महादूची आठवण येते. तोही मला मालिका बघू द्यायचा नाही. टीव्हीच्या पुढ्यात बसायचा आणि आवाज कारखान्याएवढा मोठा करायचा. बावीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढली, कान गेले बिचाऱ्याचे. मैना त्याला जेवायला हाक मारायचीच नाही. जमिनीवर मुसळ आपटायची. त्याला ते पायातून कळायचं, तो ओटीवरून उठून यायचा आणि म्हणायचा, "ओरडते कशाला, आलो ना." तू लहान असताना तूही त्याला बोलवायला पाय आपटत जायचीस.

इस्पितळात तीन दिवस मी त्याच्या उशाशी होतो. तूही होतीस. घसा जळलेला, बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोट आपटत राहायचा. पाणी मागत होता. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ते अजून मनाला लागून आहे.

जाऊ दे. आज पाऊस नाही, गुडघे बरे आहेत.

तुझा
मामा


वळ
२२ सप्टेंबर २००६

बाय भाविका,

तू मालिकेचा कागद पाठवलास, त्यावर लिहिलंस, "मामा, पुढचा भाग लूमच्या कारखान्यातल्या आगीचा आहे. यात काय चूक आहे ते बघा." लेखकाने भिवंडी पाहिलेली नाही हे पहिल्याच ओळीत कळतं.

पहिलं, लूम चालू असताना दोन कारीगर बायकोच्या तब्येतीबद्दल गप्पा मारतात. चालू लूमवर गप्पा? तिथे माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे हातांनी बोलतात. जेवायला गेला तर पाच बोटं तोंडाशी. शेठ आला तर पोटावरून हात गोल. महादू जॉबर होता, म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारा. त्याला बोलवायचं तर कारीगर पान्याने लूमच्या लोखंडावर तीनदा ठोकायचे. ठक ठक ठक. की आला महादू. लोखंडातला ठोका पायाला कळतो, कान असोत नसोत.

दुसरं, कारीगर सगळे एकजात मराठी बोलतात. अर्धे युपीचे, थोडे तेलंगणाकडचे, हिंदीच बोलणार. "अरे भाय, बीम चढा दे," म्हणजे सुताचा रूळ लावून दे, असं. कदमनेही आत जाऊन हिंदीतच बोलावं.

तिसरं, आग लागल्यावर कापडाचे तागे हळूहळू जळताना दाखवलेत. तागे नंतर जळतात. आधी पेटते ती रुई, हवेत आणि भिंतींवर साठलेली. ती फुर्रकन जाते, डोळा लवायच्या आत.

माळा दाखवलाय ते बरं केलंत. कारीगर वरच झोपतात. माळा पत्र्याचा दाखवा.

बाकी सगळं बरोबर आहे.

मामा

ता. क. तुझ्या मामीने कागद वाचून घ्यायला मागितला. मी दिला नाही. ती म्हणाली, "दोन दिस झाले, जेवत न्हाय तुमी." पोट बिघडलंय, दुसरं काही नाही.


वळ
१ ऑक्टोबर २००६

भाविका,

तू तोच कागद परत पाठवलास. माझं 'बाकी सगळं बरोबर आहे' कापून त्यावर चिकटवलंस आणि खाली लिहिलंस, "मामा, नीट बघा."

नीट बघितलं. पहिल्या दिवशीही नीट बघितलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय.

कागदावर असं आहे. कदम जिन्याशी येतो. वर धूर आहे. तो हाक मारतो, "कोई है?" उत्तर येत नाही. तो बाहेर येऊन साहेबाला सांगतो, "माळा मोकळा."

'माळा मोकळा.' हे तू लिहायला लावलंयस. लेखकाने आपल्या मनाने 'वर कोणी नाही' असं लिहिलं असतं, 'सगळे सुखरूप' असं लिहिलं असतं. हे दोन शब्द महादूच्या कारखान्याला आग लागली त्या दिवशी मी बोललो होतो. चौकशीतही तेच सांगितलं, कागदावर आहेत. ते तू शोधून काढलेस, की मैनेने तेव्हाच वाचले होते, ते मी विचारत नाही.

आता चूक सांगतो.

जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. मी चौथ्या पायरीपर्यंत गेलो. रुई पेटलेली होती आणि वरच्या तोंडाला काळा धूर लोळत होता. रांगत जायला हवं होतं, वीतभर हवा होती. हे मी त्या दिवशीही जाणत होतो, तुला जुलैत लिहिलं तसंच. पण पाय उचलला नाही. मला भीती वाटली. सव्वीस वर्षांत शंभर जिने चढलो आणि त्या एका जिन्यावर भ्यालो. का, ते मलाही ठाऊक नाही. मी तिथूनच दोन हाका मारल्या. वर झोपतात ते लूमवरचे लोक, त्यांचे कान गेलेले असतात, हे भिवंडीतलं शेंबडं पोर सांगेल. माझ्या तर घरात महादू होता. हाक मारली म्हणजे आपलं काम झालं, असं मला वाटून घ्यायचं होतं, म्हणून मारली. हातात पाना होता, भाविका. जिन्याचा कठडा लोखंडाचा होता. माळा पत्र्याचा.

साहेबाने विचारलं, "वर जाऊन बघितलंस?" मी म्हणालो, "बघितलं साहेब. माळा मोकळा." त्यांनी पाण्याचा मारा दुसऱ्या बाजूला वळवला. चूक त्यांची नाही, त्यांनी माझ्या शब्दावर वळवला. वीस मिनिटांनी पलीकडून शिडी लावली तेव्हा महादू सापडला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, घरी पाहुणे म्हणून निवांत झोपायला तिथे गेला होता, हे मला नंतर कळलं. पण तो नसता, दुसऱ्या कुणाचा महादू असता, तरी चूक तीच होती.

आणि इस्पितळात तो पाणी मागत नव्हता. बोट तीनदा आपटायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा. परत तीनदा. तो मला विचारत होता की तू ठोकलं का नाहीस. किंवा शिकवत होता, पुढच्या वेळी असं कर म्हणून. त्याचा स्वभाव शिकवायचाच होता. मी मैनेला सांगितलं की पाणी मागतोय. तू पलंगाच्या पायथ्याशी उभी होतीस. जॉबरची मुलगी तू, तीन ठोके म्हणजे काय हे तुला कळत होतं. तू माझ्याकडे बघितलंस ते मी दहा वर्षं विसरलो नाही. बहिणीने दार का उघडलं नाही ते मला कळत नाही, असं मी जूनमध्ये लिहिलं. ते खोटं होतं. मला चौथ्या हाकेलाच कळलं होतं.

हे पत्र मैनेला दाखव. तुझ्या मामीला मी इथवरचं काल वाचून दाखवलं. ती तांदळातले खडे वेचत बसली. मग म्हणाली, "दहा वर्सं एका घरात रायलो, न् मला बी न्हाय सांगितलं." एवढंच. आज तिने माझं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. बरोबर केलं तिने.

कागदावर मी लाल शाईने दुरुस्ती केली आहे. 'हाक मारतो' हे खोडलंय. 'पान्याने कठड्यावर तीनदा ठोकतो' असं लिहिलंय. आणि पुढे 'रांगत वर जातो'. तुमच्या कदमला वर पाठव, भाविका.

तुळशीराम


वळ
१३ ऑक्टोबर २००६

बाय भाविका,

काल धनेशकडे मला कोणी मागे बसवलं नाही. पार्वतीने पुढची जागा धरून ठेवली होती. जमिनीवर हात आपटून दाखवला, इथे बसा म्हणून.

पाईप फुगलेला होता. पट्टा आवळलेला होता. रुई फुर्रकन गेली तेव्हा कमळकाकूने तोंडावर पदर घेतला. कारीगर हिंदीत ओरडले. कदम जिन्याशी आला, मी डोळे मिटायच्या बेतात होतो. त्याने कंबरेचा पाना काढला आणि कठड्यावर ठक ठक ठक केलं. मग रांगत वर गेला. पायऱ्या मी मोजल्या. तुम्ही नऊच बांधल्यात, पण तो नऊच्या नऊ चढला. वर एक माणूस पत्र्यावर पाठ टेकून पडलेला, त्याने डोळे उघडले. धनेश म्हणाला, "काका, काढा की चूक आज." मी म्हटलं, नाही रे.

पण रात्रभर आठवत राहिलो आणि सकाळी सापडली. चूक आहे. कदम ठोकतो आणि लगेच वर सुटतो. तसं नाही. जॉबरला बोलवतात तेव्हा तीनदा ठोकून थांबायचं असतं. पलीकडचा माणूस उलट ठोकेपर्यंत थांबायचं. त्याने ठोकलं की तो कुठे आहे ते कळतं, आणि येतोय की नाही तेही. आगीत दहा आकडे मोजून मग वर जायचं, पण थांबायचं. महादू पलंगावर ठोकून थांबायचा, तो मी उलट ठोकायची वाट बघत होता. मी दांडीवर एकदा तरी बोट आपटायला हवं होतं. म्हणजे त्याला कळलं असतं की ऐकलं.

तू लिहिलंस की पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने उठून कुकर लावला, आणि मग म्हणाली, "अकरा पायऱ्या होत्या हे बरोबर आहे." माझी मैना अशीच. तिला पायऱ्या कशा माहीत? ती जाऊन मोजून आली असणार. एकटी गेली असणार.

भाऊबीजेला मी येतो. पार्वती करंज्या करतेय. मला विचारून नाही, माझ्याशी न बोलताच करतेय, पण दोन डबे भरलेत, एवढ्या आम्ही दोघं काही खात नाही. ठाण्याहून घोडबंदरच्या बसने येईन, अकरापर्यंत दारात. तू घरी असलीस तरी मध्ये पडू नकोस, कडीला हात लावू नकोस. आणि मैनेला सांग, या वेळी हाका मारणार नाही. गेल्या वेळच्या चारही फुकट होत्या.

दाराच्या चौकटीवर तीनदा ठोकीन, आणि थांबेन.

मामा